शेकरूच्या रानात एक दिवस

आम्ही जुन्नर तालुक्यातले. तीस वर्षे नोकरी केली आणि निवृत्त झालो. मुले आपापल्या कामाला लागली. घरात उरलो आम्ही दोघे.

भीमाशंकरला आम्ही पूर्वी दोनदा गेलो होतो. पण रांगेत उभे राहिलो, देवाला हात जोडले आणि घरी आलो. भोवतीचे रान काही पाहिले नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत आमची कारभारीण म्हणाली, "अहो, देवदर्शन झालं. आता ते शेकरू एकदा बघू या. गुडघे चालताहेत तोवर जाऊन येऊ."

भाकरी, ठेचा आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या. पहाटे एस.टी.ने नारायणगावहून मंचर गाठले. तेथून घोडेगावमार्गे भीमाशंकर सुमारे ६० किलोमीटर. आम्हां दोघांनाही अर्धेच तिकीट पडले. वयाची ६५ वर्षे पूर्ण झाली की एस.टी.त अर्धे भाडे लागते. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. बायकांना तर २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धे तिकीट मिळते. मात्र वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवावे.

घोडेगाव मागे पडले आणि डोंगर जवळ आले. डिंभे धरणाचे पाणी दिसू लागले. हे धरण घोड नदीवर आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले, ते जुने गाव या पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावात आहे. खालच्या शेतांना पाणी मिळाले, पण त्यासाठी वरच्या माणसांनी घरे सोडली, हे विसरून चालणार नाही.

भीमाशंकरचे रान हे अभयारण्य आहे. अभय म्हणजे भय नसणे. जेथे जनावराला माणसाचे भय नाही, ते अभयारण्य. राष्ट्रीय उद्यान म्हणजे याहून कडक बंदोबस्ताची जागा. तेथे गुरे चारण्यास मनाई असते. अभयारण्यात मात्र स्थानिक लोकांचे काही हक्क चालू राहू शकतात. जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान अमेरिकेत १८७२ साली झाले. त्याचे नाव यलोस्टोन. आपल्या राज्यातले पहिले म्हणजे चंद्रपूरकडचे ताडोबा, १९५५ सालचे. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर, म्हणजे ३२ हजार एकरांहून अधिक आहे.

गाडीतून उतरलो. झाडावर माकडे बसली होती. आम्ही पिशवीतून फुटाणे काढले. इतक्यात कारभारणीने हात धरला. "थांबा! ती पाटी वाचली का?" ती दोन वर्षांपूर्वी साक्षरता वर्गात अक्षरे शिकली. एकेका अक्षरावर बोट फिरवावे तसे तिने वाचले, "वन्य प्राण्यांना खाऊ घालू नये." आम्ही शाळा शिकलेले, पण पाटीकडे पाहिलेच नव्हते. फुटाणे मुकाट्याने परत पिशवीत गेले.

पाटीचे म्हणणे खरेच आहे. माणसाच्या हातचे खाण्याची सवय लागली की माकड रानातले खाणे शोधत नाही. मग ते पिशव्या ओढते, पोरांना चावते. दोष आपला, आणि नाव मात्र माकडाचे होते.

देवळाच्या पायऱ्या दोनशेहून जास्त आहेत. दहा पायऱ्या उतरायच्या आणि श्वास घ्यायचा, असे करत आम्ही गेलो. दर्शन घेतले. तेथली मोठी घंटा पाहिली. चिमाजी आप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. त्या विजयातून ही घंटा येथे आली, असे सांगतात.

मग गुप्त भीमाशंकरच्या पायवाटेला लागलो. आत शिरताच ऊन कमी झाले. आम्ही बोलणे बंद करून एका दगडावर बसून राहिलो. बराच वेळ काही दिसले नाही. मग वर पाने हलली. तांबूस पाठ, फिकट पोट, झुबकेदार शेपटी! शेकरूच ते. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे तीन फूट लांब. एका झाडावरून त्याने दुसऱ्या झाडावर झेप घेतली. कारभारीण हळूच म्हणाली, "अगबाई, ही तर उडतेच की!"

शेकरू म्हणजे मोठी खार. हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. तो सहसा जमिनीवर उतरत नाही. काटक्या आणि पाने यांचे घरटे उंच फांद्यांवर बांधतो, तेही एक नव्हे, अनेक. म्हणून त्याला एकमेकांना भिडलेली झाडे लागतात. मधली चार झाडे तोडली की त्याचा रस्ताच तुटला.

पण हे रान एकट्या शेकरूचे नाही. पावसाची सर आधी पानांवर पडते, मग पालापाचोळ्यावर, आणि मग हळूहळू जमिनीत मुरते. तेच पाणी पुढे झऱ्यांतून येते. भीमा नदी येथेच उगम पावते. पंढरपुरात तिलाच चंद्रभागा म्हणतात. झाडे गेली की पाणी मुरत नाही, माती वाहून जाते आणि धरणात गाळ साठतो. मुळे माती धरून ठेवतात. डोंगर सुटला की काय होते, हे याच तालुक्याने पाहिले आहे. ३० जुलै २०१४ रोजी अतिवृष्टीत डोंगर घसरला आणि माळीण गाव गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली.

वाटेत एक महादेव कोळी समाजाची बाई भेटली. पाठीवर हिरड्याचे ओझे होते. हिरडा औषधाला लागतो. तो विकून या भागातली अनेक घरे चालतात. आम्ही विचारले, "मावशी, झाड तोडत नाही का कोणी?" ती हसली. "झाड तोडलं तर पुढल्या वर्षी खायचं काय?" रानातून असा माल गोळा करण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला आहे. रान राखायचे, तर या माणसांना सोबत घेऊनच राखावे लागेल.

वाचकहो, तुम्हीही जा. पावसाळ्यात वाट निसरडी असते. म्हाताऱ्या माणसांनी हिवाळ्यात जावे. काठी, पाणी आणि गोळ्या जवळ ठेवाव्या. परतीची गाडी कधी सुटते, ते उतरतानाच विचारून घ्यावे. रानात मोठ्याने बोलू नये, आणि नेलेले प्लास्टिक परत आणावे.

संध्याकाळच्या गाडीत आमचे गुडघे ठणकत होते. कारभारीण मात्र खिडकीतून दिसेल ती पाटी वाचत होती: तळेघर, डिंभे, घोडेगाव. मंचरला उतरल्यावर तिने रिकाम्या बाटल्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि म्हणाली, "पुढल्या खेपेला नातवंडांना आणू. पाटी त्यांना वाचायला लावू."