कूस आणि सूज

नावातच लाकूड असलेल्या नागपूरच्या लकडगंजात, आरागिरण्यांच्या वस्तीत, बोटात सागाची कूस शिरणे नित्याचेच. थोड्या वेळात बोट लाल होते, तापते, सुजते, ठणकते. ही चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकातच नोंदवली. सुश्रुताने व्रणशोफाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा अवस्था सांगितल्या. या धावपळीचे प्रयोजन मात्र १८८२ साली उमगले. इटलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉफने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसला; सकाळी काट्याभोवती भक्षक पेशींचा गराडा पडला होता.

बोटातही तेच घडते. मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि उष्णता. त्यांच्या भिंती पाझरतात, म्हणून सूज. प्रोस्टाग्लँडिने मज्जातंतूंची टोके हळवी करतात, म्हणून ठणका. काही तासांत न्यूट्रोफिल जंतूंवर तुटून पडतात. मेलेल्या न्यूट्रोफिलांचाच पू होतो. मागून मॅक्रोफेज येऊन साफसफाई करतात.

म्हणून सुजेला मी शत्रू मानत नाही. पण कूस आत राहिली तर ही लढाई थांबत नाही. ती काढावी, जखम धुवावी, धनुर्वाताची लस कधी घेतली ते आठवावे. लाली हातावर चढू लागली किंवा ताप आला, तर लेप बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. हातावर पोट असलेल्याला बोट गमावणे परवडत नाही.