गाडी उंचावली; पण चाकांचे काय?

सातपूर, प्रतिनिधी : पावसाळा सुरू झाला की इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वरच्या परिसरातील चिखलवाटांवर चारचाकी घालणाऱ्यांची लगबग वाढते. ज्या सातपूर औद्योगिक वसाहतीतून २००२ मध्ये 'स्कॉर्पिओ' आणि २०२० मध्ये नव्या रूपातील 'थार' देशभर गेली, तेथे हा छंद रुजला नसता तरच नवल. गाडी दोन इंचांनी उंच करायची, तिला रुंद टायर चढवायचे आणि ते आतल्या बाजूला सस्पेन्शनला घासू लागले, की व्हील स्पेसरच्या शोधात निघायचे, असा हा नेहमीचा क्रम. दुकानदार पहिलाच प्रश्न विचारतो, 'किती एमएमचा देऊ?' वास्तविक जाडी हा शेवटी विचारायचा प्रश्न आहे.

स्पेसर म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये बसणारी धातूची चकती. ती चाकाला तिच्या जाडीएवढे बाहेर ढकलते. उंच केलेल्या गाडीला तिची गरज भासते ती केवळ घासणे टाळण्यासाठी नव्हे. गाडी उंच झाली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर कलंडण्याची भीती वाढते. चाके बाहेर सरकली की ती काही अंशी कमी होते. किती कमी होते, याचा हिशेब मात्र कोणी करीत नाही. समजा, दोन्ही चाकांमधील अंतर १४०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ७०० मिलिमीटर आहे. अंतराला उंचीच्या दुपटीने भागले की स्थैर्याचा आकडा १ येतो. गुरुत्वमध्य ५० मिलिमीटरने वर गेला की तो ०.९३ वर घसरतो. दोन्ही बाजूंना ३० मिलिमीटरचे स्पेसर लावले, तरी तो ०.९७ पर्यंतच परततो. म्हणजे स्पेसर लावून गाडी पूर्वीइतकी स्थिर झाली, ही समजूत खोटी आहे. घाटात वेग पूर्वीपेक्षा कमीच ठेवावा लागतो.

या अल्प लाभाची किंमत बेअरिंग मोजते. एका चाकावर ४०० किलो भार असेल आणि चाक ३० मिलिमीटर बाहेर गेले असेल, तर बेअरिंगवर सुमारे १२० न्यूटन-मीटरचा वाढीव मोड सतत येत राहतो. खड्ड्यात आदळताना तो कितीतरी पटींनी वाढतो. पुढच्या चाकांना स्पेसर लावल्यास स्टिअरिंगलाही धक्के जाणवतात. शिवाय चाक वळवताना टायरचा फेरा मोठा होतो, त्यामुळे आत घासणारा टायर आता बम्परला किंवा मडगार्डच्या कडेला घासू लागतो. आगीतून फुफाट्यात, दुसरे काय!

खरी परीक्षा आहे ती स्पेसर हबवर कसा बसतो याची. चाकाचा भार स्टड आपल्या अंगावर तोलतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात नट दोन सपाट पृष्ठभागांना एकमेकांवर आवळून धरतात आणि त्या दाबातून निर्माण होणारे घर्षण भार पेलते. मध्ये गंज, रंगाचा थर किंवा धातूची कुसळे राहिली, तर काही किलोमीटरनंतर ती दबतात, दाब सैल होतो आणि चाक स्टडवर हेलकावे घेऊ लागते. स्टड तुटतात ते यानंतर. म्हणूनच स्पेसरच्या मधले भोक हबच्या उंचवट्यावर घट्ट बसणारे हवे आणि स्पेसरच्या बाहेरच्या बाजूला रिमसाठी तसाच उंचवटा हवा.

सातपूर-अंबडला लेथ मशीनची वाण नाही. त्यामुळे ओळखीच्या कारखान्यातून ॲल्युमिनियमची चकती कातून घेण्याचा मोह येथे अधिक. कारागिराच्या हातात दोष नसतो. दोष असतो तो धातूविषयीच्या अज्ञानात. कोणत्या प्रतीचे ॲल्युमिनियम आहे, ते ओतीव आहे की घडीव, हे ठाऊक नसताना केलेली चकती दिसायला कितीही सुबक असली, तरी ती चाकामागे बसवू नये. ६०६१-टी६ किंवा त्याहून सरस प्रतीचा आणि निर्मात्याने तसे लेखी सांगितलेला माल घ्यावा.

मापांमध्ये 'चालून जाईल' हा शब्द वर्ज्य समजावा. जुनी जिप्सी आणि आताची जिम्नी यांच्या स्टडच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, १३९.७ मिलिमीटर आहे, फॉर्च्युनरचाही तेवढाच. पण पहिल्या दोन गाड्यांना पाच स्टड आहेत, फॉर्च्युनरला सहा. मधल्या भोकाचा व्यास आणि आट्यांचे अंतरही जुळावे लागते. नुसती चकती सरकवून मूळ स्टडवरच नट लावायचा असेल, तर नटाला निदान स्टडच्या व्यासाइतकी लांबी मिळाली पाहिजे. बारा मिलिमीटरच्या, सव्वा मिलिमीटर आट्यांच्या स्टडवर नट सुमारे दहा फेरे फिरला नाही, तर तो स्पेसर परत करावा. पंचवीस मिलिमीटर आणि त्याहून जाड स्पेसर साधारणतः हबला वेगळ्या नटांनी आवळले जातात व चाक त्यांच्या स्वतःच्या स्टडवर बसते. त्यात मूळ स्टडचे टोक बाहेर डोकावून रिमला टेकत नाही ना, हे पाहावे.

टायर अद्याप घेतले नसतील, तर कमी ऑफसेटची रिमच घेणे अधिक शहाणपणाचे. ४० ऑफसेटच्या रिमला २५ मिलिमीटरचा स्पेसर लावणे आणि १५ ऑफसेटची रिम घेणे, यांत चाकाची जागा एकच राहते. बेअरिंगवरील ताण चुकत नाही, पण सैल होऊ शकणारा एक जोड तरी वाचतो.

कायद्याचा विचार बहुतेक जण सर्वांत शेवटी करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले, तर त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद केली. गाडी उंच करण्यापूर्वीच आरटीओकडे लेखी विचारणा करावी. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्यात वादाचा मुद्दा ठरू शकतो.

एवढे करून स्पेसर बसवायचाच ठरला, तर हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासावा. नट एकाआड एक, टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तिकेत व स्पेसरच्या कागदावर दिलेल्या मापाने आवळावेत. हवेच्या गनवर विसंबू नये. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासावेत. जाड स्पेसरचे आतले नट चाकामागे दडलेले असतात. ते तपासायचे तर चाक उतरवावेच लागते, आणि चिखलातून आल्यावर गॅरेजवाला नेमका याच कामाचा कंटाळा करतो. तेथे उभे राहून ते करून घ्यावे.