नियम आहे, पण पाळतंय कोण?

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'नियम लागू होण्याआधीच्या आणि नंतरच्या इजांची तुलना केली जाईल.' गाईडनी त्याखाली पेन्सिलने दोनच शब्द लिहिले, 'पाळतंय कोण?' त्या दोन शब्दांपायी माझे तीन महिने गेले. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितेय.

हा मुद्दा मला सगळ्यात नीट समजला तो अमेरिकेतल्या शालेय फुटबॉलवरचे पेपर वाचताना. इथे फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. हेल्मेट घालून, अंगावर धावून जाऊन एकमेकांना पाडायचा त्यांचा खेळ. तो चौदा-पंधरा वर्षांची मुलं खेळतात, म्हणून संरक्षक साधनांचे नियम कडक आहेत.

नियम काय सांगतो?

तिथल्या बहुतेक राज्यांत शालेय फुटबॉलचे नियम एनएफएचएस ही राष्ट्रीय संघटना ठरवते. हेल्मेट, चेहऱ्यापुढची जाळी, माऊथगार्ड, खांदे, कंबर, मांड्या आणि गुडघ्यांचे पॅड हे सगळं सक्तीचं. सामन्याआधी मुख्य प्रशिक्षकाने पंचांना सांगायचं, की माझ्या सगळ्या मुलांकडे नियमाप्रमाणे साधनं आहेत. सामन्यात एखाद्याचं साधन नीट नसेल, तर दुरुस्त केल्याशिवाय खेळता येत नाही आणि किमान एक डाऊन, म्हणजे एक चाल, बाहेर बसावं लागतं.

कागदावर सगळं चोख आहे. आता संशोधकाच्या नजरेने पुन्हा वाचा.

पहिली फट: जे दिसतं तेच तपासलं जातं

माऊथगार्ड शालेय फुटबॉलमध्ये १९६२ पासून सक्तीचं आहे. पण पंच काही प्रत्येकाचं तोंड उघडून बघणार नाही. म्हणून नियमपुस्तकात अनेक वर्षं एक गंमतीशीर वाटणारी अट होती: माऊथगार्ड पूर्ण पांढरं किंवा पारदर्शक नको, सहज दिसेल अशा रंगाचं हवं. संरक्षणाच्या दृष्टीने रंगाचा काहीच उपयोग नाही. तो होता लांबून बघणाऱ्या पंचासाठी! नियम लिहिणाऱ्यांनी तो अमलात कसा येईल याचाही विचार केला होता.

याउलट हेल्मेट बघा. ते डोक्यावर आहे हे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसतं. पण ते नीट बसलंय का, आतली गादी दबून गेलीय का, हनुवटीचा पट्टा घट्ट आहे का? लांबून यातलं फार थोडं कळतं. म्हणजे 'हेल्मेट घातलं: हो / नाही' असा रकाना तुम्ही केलात, तर जवळजवळ सगळीकडे 'हो' येईल आणि मुलांमधला खरा फरक त्या 'हो'च्या आत दडून राहील.

दुसरी फट: तपासणाराच अडचणीत

साधनं नीट आहेत याची ग्वाही देणारा प्रशिक्षक, आणि चांगला खेळाडू बाहेर बसला तर नुकसानही त्याचंच. तो खोटं बोलतो असं मला म्हणायचं नाही. पण 'प्रशिक्षकांनी सांगितलं' आणि 'कुणी तिसऱ्याने पाहिलं' या दोन वेगळ्या प्रकारच्या नोंदी आहेत. त्या एकाच रकान्यात भरू नका.

तिसरी फट: सराव

सामना साधारण आठवड्यातून एकदा, सराव मात्र बहुतेक दिवस. सरावाला पंच नसतो. तिथे नियम पाळला जाणं पूर्णपणे प्रशिक्षकावर आणि मुलांच्या सवयीवर. फक्त सामन्यातल्या दंडांची आकडेवारी घेऊन 'नियम पाळला जातो' म्हटलंत, तर खेळाचा बराच मोठा भाग तुम्ही पाहिलेलाच नाही.

आणि नियम पाळला तरी?

१९६८ मध्ये सगळ्या स्तरांवर मिळून फुटबॉलच्या खेळात थेट झालेल्या इजांमुळे ३६ मृत्यू झाले. पुढच्या वर्षी नॉक्सी ही साधनांची मानकं ठरवणारी संस्था स्थापन झाली, १९७३ मध्ये हेल्मेटचं मानक आलं आणि १९८० पासून शालेय खेळात प्रमाणित हेल्मेट सक्तीचं झालं. १९९० मध्ये असा एकही मृत्यू झाला नाही. हेल्मेटने करून दाखवलं ना? थांबा.

मजबूत हेल्मेट आणि जाळी आल्यावर खेळाडू डोकं पुढे करून धडका देऊ लागले होते. कवटी वाचत होती, मान मोडत होती. म्हणून १९७६ मध्ये डोक्याने पहिली धडक देण्यावर बंदी आली. मानेच्या इजेमुळे हातपाय कायमचे लुळे पडण्याच्या घटना १९७६ च्या हंगामात ३४ होत्या. पुढच्या हंगामात त्या १८ वर आल्या आणि १९८४ मध्ये ५ वर. यात साधन बदललं नव्हतं, वागणं बदललं होतं. दोन्ही नियम एकाच काळात आले, त्यामुळे सगळं श्रेय कुठल्याही एकाला देणं चूक.

आणखी एक उदाहरण. विस्कॉन्सिनमधल्या ३६ शाळांच्या २,०८१ खेळाडूंवर २०१२ आणि २०१३ च्या हंगामात अभ्यास झाला. हेल्मेटचा ब्रँड किंवा वय यांचा मेंदूला बसणाऱ्या हादऱ्याशी म्हणजे कन्कशनशी संबंध दिसला नाही. उलट, खास बनवलेलं माऊथगार्ड वापरणाऱ्यांत कन्कशनचं प्रमाण साध्या माऊथगार्डवाल्यांपेक्षा जास्त निघालं! मग महाग माऊथगार्ड धोकादायक का? घाई नको. ज्याला आधी मार लागलाय किंवा जो जास्त धडका देतो, तोच महाग साधन घेत असेल, ही शक्यता आधी तपासायला हवी. ती न तपासता काढलेला निष्कर्ष एखाद्या आईच्या वाचनात आला आणि तिने मुलाचं माऊथगार्ड काढून ठेवलं, तर ती चूक आपल्या प्रबंधापुरती राहत नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

विषय हेल्मेटचा असो, खाणकामगारांच्या मास्कचा असो की प्रयोगशाळेतल्या गॉगलचा, 'नियमाचा परिणाम' असं लिहिण्याआधी समासात तीन प्रश्न लिहा. नियम पाळला गेला हे कुणी पाहिलं? कुणाचीच नजर नसताना काय होतं? साधन आल्यावर माणसाचं वागणं बदललं का?

तिन्हींची उत्तरं मिळतीलच असं नाही. मलाही दुसऱ्याचं अजून मिळालेलं नाही, त्यासाठी पुढचे चार महिने फील्डवर जाणार आहेत. पण प्रश्न लिहिलेला असेल, तर निदान आपल्याला काय माहीत नाही ते प्रबंधात प्रामाणिकपणे मांडता येतं. माझ्या पहिल्या मसुद्यात तेवढंही नव्हतं.