उन्हाळी बालशिबिर

उन्हाळी बालशिबिर : शाळापूर्व वयाच्या, म्हणजे सामान्यपणे तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी उन्हाळ्याच्या सुटीत भरविण्यात येणारा अर्धवेळ, खेळप्रधान उपक्रम. तो बहुधा एक ते चार आठवडे व रोज सुमारे तीन तास चालतो. मुले सकाळी येतात आणि दुपारच्या जेवणापूर्वी घरी परततात. ‘शिबिर’ या शब्दाचा मूळ अर्थ छावणी किंवा मुक्कामाचा तळ असा असला, तरी या प्रकारात मुक्काम नसतो. बालवाडी वर्षभर चालते आणि तिच्यात मुलांचा क्रमाक्रमाने विकास साधण्याची योजना असते. पाळणाघरात आईवडिलांच्या कामाच्या वेळेत मुलांचा पूर्ण सांभाळ केला जातो. उन्हाळी बालशिबिर हे या दोहोंहून भिन्न असून सुटीच्या काळात मुलांना सवंगडी, मोकळी जागा व खेळ मिळवून देणे, हा त्याचा प्रमुख हेतू होय.

इतिहास : सुटीतील मुलांसाठी संघटित उपक्रम एकोणिसाव्या शतकात औद्योगिक शहरांच्या वाढीबरोबर सुरू झाले. अमेरिकेत फ्रेडरिक गन या शिक्षकाने १८६१ मध्ये आपल्या शाळेतील विद्यार्थ्यांना कनेक्टिकटमध्ये तळ ठोकून राहण्यासाठी नेले. हे तेथील आरंभीच्या शिबिरांपैकी एक मानले जाते. स्वित्झर्लंडमध्ये व्हाल्टर बिऑन या धर्मोपदेशकाने १८७६ मध्ये झुरिकमधील गरीब मुलांना हवापालटासाठी डोंगरात पाठविण्याची प्रथा पाडली. हे दोन्ही प्रयत्न मोठ्या मुलांसाठी होते. अगदी लहान मुलांसाठीच्या अर्धवेळ शिबिराशी अधिक जवळचे नाते बॉस्टन येथील ‘वाळूच्या बागां’चे आहे. बर्लिनमधील वाळूचे ढीग व त्यांवर खेळणारी मुले पाहून आलेल्या मारी झाक्रझेव्स्का या डॉक्टर महिलेच्या सूचनेवरून १८८५ च्या उन्हाळ्यात दाट वस्तीतील एका प्रार्थनागृहाच्या अंगणात वाळूचा ढीग टाकण्यात आला आणि मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी स्त्रियांची योजना करण्यात आली. जागा, वाळू आणि लक्ष ठेवणारे प्रौढ माणूस एवढ्याच तीन गोष्टींवर हा उपक्रम उभा होता.

महाराष्ट्रात सुटीच्या वेगळ्या व्यवस्थेची गरज दीर्घकाळ भासली नाही. मे महिन्यात आजोळी जाणे, आंबे-फणस-करवंदांचा हंगाम, अंगणात घातलेली वाळवणे राखणे, चिंचोके व सागरगोटे यांचे खेळ, भातुकली आणि रात्री अंगणात ऐकलेल्या गोष्टी यांतून लहान मुलांची सुटी आपोआप भरून जात असे. निरनिराळ्या वयांची मुले एकत्र खेळत व धाकट्यांना थोरली भावंडे सांभाळीत. कुटुंबे लहान झाली, अंगणे गेली आणि अनेकांचे गावाकडील घर मिटले, तेव्हा ही व्यवस्था मोडली. बालशिबिर हा तिचा नागरी पर्याय होय.

तथापि शाळेच्या चौकटीबाहेर, मुलांच्या सोयीच्या जागी व वेळी बालशिक्षण नेण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे आणि तिचे प्रमुख केंद्र तत्कालीन ठाणे जिल्ह्यातच होते. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र स्थापन केले व १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे). मुले केंद्रात येत नाहीत असे दिसल्यावर शिक्षिकाच वस्तीत जाऊन तेथील अंगणात मुलांना जमवू लागल्या. यातून अंगणवाडीची कल्पना आकारास आली. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी अनुताई वाघ (१९१०–९२) व ताराबाई यांनी कुरणशाळा चालविली. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी शंख, शिंपले, बिया, पाने, माती यांचा तेथे उपयोग करण्यात आला. केंद्र शासनाच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने (१९७५) ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर नेले. पुढे १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर हंगामापुरत्या येणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा काढल्या. मजूर कुटुंबे ज्या तात्पुरत्या झोपड्यांत राहतात, त्या भोंग्यांवरून हे नाव पडले. वर्षाच्या ठराविक काळापुरता मुलांसाठी चालविलेला, पण सुखवस्तू वर्गाबाहेरचा असा हा उपक्रम होता.

ठाणे–कल्याण परिसर : या परिसरात मानपाडा नावाची दोन ठिकाणे आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर मार्गावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पायथ्याशी असून दुसरे डोंबिवलीच्या पूर्वेस आहे. ‘पाडा’ म्हणजे लहान वस्ती. दोन्ही पाड्यांभोवती गेल्या काही दशकांत उंच इमारतींची गृहसंकुले वाढली. येथील पालकांपैकी अनेक जण रेल्वेने वा रस्त्याने दूरवर कामास जातात. परिणामी खाजगी बालवाड्या, चित्रकला-नृत्याचे वर्ग आणि संकुलांची सभागृहे येथे एप्रिल-मेमध्ये लहान मुलांची शिबिरे भरविण्याची रीत पडली. ठाण्याच्या मानपाड्याला लागूनच वन आहे. मे महिन्यात तेथे पळस-पांगाऱ्याचा बहर सरून करवंदे व जांभळे पिकू लागतात. अशा जागी सकाळच्या गार वेळी काढलेला छोटा फेरफटका लहान मुलांना कोणत्याही विकतच्या खेळण्यापेक्षा अधिक देऊ शकतो.

स्वरूप व दिनक्रम : या वयातील मुलांचे लक्ष एका गोष्टीवर थोडाच वेळ टिकते, म्हणून चांगल्या शिबिरात शांत व दमविणारे खेळ आलटून पालटून ठेवतात. साधारण साडेआठ ते साडेअकरा या वेळेत प्रथम मुक्त खेळ, नंतर गोलात बसून गाणी व बडबडगीते, त्यानंतर वाळू, पाणी वा चिकणमातीचे काम, मग खाऊ आणि शेवटी गोष्ट असा क्रम सोयीचा असतो. पाणी ओतणे, कणीक मळणे, बिया निवडणे यांसारख्या कामांतून बोटांवर ताबा येतो आणि जड-हलके, कमी-जास्त या कल्पना अनुभवाने कळतात. सर्वांनी एकसारखे चित्र रंगवून घरी नेणे हे मात्र मुलापेक्षा पालकांच्या समाधानासाठी असते. पुण्यातील गरवारे बालभवनाच्या कामातून शोभा भागवत यांनी स्पर्धा व बक्षिसे यांपासून मुक्त अशा खेळाचा आग्रह धरला. तो बालशिबिरांनाही लागू पडतो.

शिबिराचा काळ अल्प असल्याने नव्या जागेशी मुलाचे जुळणे हा कठीण भाग ठरतो. पहिले दोन-तीन दिवस आई, वडील किंवा आजी जवळ बसल्यास व दिनक्रम रोज तोच राहिल्यास बहुतेक मुले रुळतात. रडणाऱ्या मुलाला फसवून सोडून जाण्याने त्याचा अविश्वास वाढतो. ताई रोज बदलत असल्यास मूल रुळण्याआधीच शिबिर संपते.

आरोग्य व सुरक्षितता : वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्र अधिक व घाम कमी यांमुळे लहान मुलांचे शरीर प्रौढांपेक्षा लवकर तापते, आणि तहान लागल्याचे ती खेळात विसरतात. कोकणपट्टीतील दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे तापमान विदर्भाइतके नसतानाही उष्म्याचा त्रास होतो. शिबिर सकाळी ठेवण्याचे खरे कारण हेच होय. दर अर्ध्या तासाने पाणी, तसेच ताक, पन्हे वा कोकम सरबत द्यावे. अख्खी द्राक्षे, शेंगदाणे, फुटाणे तसेच खेळातील चिंचोके व मणी घशात अडकू शकतात. पाण्याची उथळ टाकीही नजर चुकल्यास घातक ठरते. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने खाजगी खेळशाळांसाठी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत वीस मुलांमागे एक शिक्षिका व एक मदतनीस असे प्रमाण सुचविले आहे. शिबिरासाठीही ते किमान समजावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसात किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल व १० ते १३ तास झोप आवश्यक असून पडद्यासमोर बसण्याचा वेळ एका तासाहून अधिक नसावा. चित्रपट दाखवून वेळ भरून काढणारे शिबिर या कसोटीस उतरत नाही.

प्रश्न व मर्यादा : बालशिबिरासंबंधीचा मुख्य वाद ते खेळासाठी की शाळेच्या पूर्वतयारीसाठी, हा आहे. जूनमधील प्रवेश डोळ्यांसमोर ठेवून अक्षरे गिरविणे, अंक पाठ करून घेणे व इंग्रजी संभाषण यांचे वर्ग ‘शिबिर’ या नावाने चालविले जातात. वस्तुतः शिक्षण हक्क अधिनियमाने (२००९) प्रवेशाच्या वेळी बालकाची चाचणी घेण्यास मनाई केली आहे आणि पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही (२०२२) आठ वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा पाया खेळ हाच मानला आहे. बोटांचे स्नायू तयार होण्यापूर्वी लेखनाची सक्ती केल्यास मुलाच्या मनात लेखनाविषयी नावड निर्माण होण्याचा धोका असतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. तीन तास मुलाला पुरेसे असतात, पण नोकरी करणाऱ्या आईवडिलांना ते पुरत नाहीत. शिबिराची वेळ सायंकाळपर्यंत ताणणे हा यावरील उपाय नव्हे. अर्धवेळ शिबिराला जोडून जेवण व दुपारची झोप यांची सोय असलेले पाळणाघर असल्यास दोन्ही गरजा भागतात. प्रसूतिलाभ अधिनियमातील २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली असली, तरी घरकाम वा बांधकाम करणाऱ्या स्त्रियांना तिचा लाभ क्वचितच मिळतो.

तिसरा प्रश्न समानतेचा. शुल्क आकारणाऱ्या शिबिरांत संकुलातील मुले येतात; ती संकुले बांधणाऱ्या मजुरांची आणि लगतच्या येऊरच्या पाड्यांतील मुले येत नाहीत. सावलीची जागा, वाळू, माती, पाणी, गोष्टी व प्रेमळ ताई एवढ्या सामग्रीवर बालशिबिर उभे राहू शकते आणि यांपैकी एकही वस्तू महाग नाही. अंगणवाड्या, महानगरपालिकांच्या शाळांची सुटीत रिकामी राहणारी आवारे व सार्वजनिक उद्याने यांचा त्यासाठी उपयोग करता येण्यासारखा आहे. बोर्डी व कोसबाड येथे सिद्ध झालेली पद्धती तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या शहरी भागाला या दृष्टीने आजही मार्गदर्शक ठरते.