समुद्र दाखवायला न्यावे, पण जपून

कापसाची वेचणी आटोपत आली, की बिडकीनच्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टरसाहेब, आईला कोकणात न्यावं का?" गेल्या हिवाळ्यात असे विचारणाऱ्या मुलामागे त्याची बाहत्तर वर्षांची आई उभी होती. तिला रक्तदाब आणि मधुमेह, दोन्ही विकार. पैठणच्या नाथसागरापलीकडे मोठे पाणी तिने पाहिलेले नव्हते. "या वयात कशाला?" असे ती म्हणाली; परंतु निघताना तिनेच हळूच विचारले, "समुद्राचं पाणी खरंच खारट असतं का हो?"

काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनीही समुद्र पाहण्याची इच्छा बोलून दाखवली होती. त्यांच्या गुडघ्यांचे कारण देऊन मी "पुढच्या वर्षी पाहू" म्हणालो. ते पुढचे वर्ष त्यांना लाभले नाही. तेव्हापासून मी सहसा "नेऊ नका" म्हणत नाही. कसे न्यावे, ते सांगतो.

उदाहरणादाखल रत्नागिरीच घ्या. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी बांधलेला थिबा राजवाडा, लोकमान्य टिळकांचे 1856 सालचे जन्मस्थान, मत्स्यालय, रत्नदुर्गावरील भगवती मंदिर, मांडवी आणि भाट्ये यांचे किनारे, शिवाय जवळचे गणपतीपुळे. तरुणांना हे सारे एका दिवसात उरकता येते. वडीलधाऱ्यांसाठी सकाळी एक व सायंकाळी एक स्थळ पुरे. दुपार विश्रांतीची. गणपतीपुळ्याची प्रदक्षिणा संपूर्ण टेकडीभोवती असते. गुडघे दुखत असल्यास समोरूनच नमस्कार करावा.

आपल्याकडून रत्नागिरी सुमारे 500 किलोमीटर. वाटेत मुक्काम करावा आणि दर दोन तासांनी गाडी थांबवून थोडे चालवावे. फार वेळ पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पायांतील शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. लघवी वाढवणारी गोळी प्रवासात गैरसोयीची म्हणून अनेक जण परस्पर बंद करतात. त्यामुळे हृदयरुग्णाचे पाय सुजतात, रात्री धाप लागते. गोळीची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. इन्सुलिन तापलेल्या गाडीत ठेवू नये आणि बर्फाला थेट चिकटवूही नये.

मराठवाड्याच्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो. कोकणच्या दमट हवेत तो वाळत नाही, त्यामुळे शरीर नीट थंड होत नाही. वृद्धांना तहानही कमी जाणवते. म्हणून मागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी द्यावे. मात्र ज्यांना पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी ते प्रमाण पाळावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास शहाळे विचारल्याविना देऊ नये. त्यात पोटॅशियम भरपूर असते.

मधुमेहींनी वाळूत अनवाणी चालू नये. पायाची संवेदना मंदावलेली असल्यास शिंपल्याने कापलेले किंवा तापल्या वाळूने भाजलेले कळतही नाही. रात्री त्यांचे तळवे उजेडात पाहावेत. लाट मागे सरताना पायाखालची वाळू ओढून नेते व तोल जातो. म्हणून घोट्याएवढ्याच पाण्यात, तेही कुणाचा तरी हात धरून उभे राहावे. ठिसूळ हाडांच्या व्यक्तींनी वेगवान बोटीचा मोह टाळावा; एका धक्क्यानेही पाठीचा मणका दबू शकतो. छातीत दुखले, धाप लागली किंवा बोलणे अडखळले, तर हॉटेलवर परतून वाट पाहू नये; 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आणखी एक विनंती. आजी-आजोबांना चपला आणि पिशव्या राखायला मागे बसवू नका. सहल त्यांचीही आहे.

ती माउली आठ दिवसांनी तपासणीला आली. रक्तदाब ठीक होता, तळवे शाबूत होते. पट्टा सोडताच ती म्हणाली, "खारटच आहे, डॉक्टर. चाखून पाहिलं."