यंत्रातली मींड

पेणच्या कारखान्यांत गणपती साच्यातून निघतो, पण डोळ्यांची आखणी हातानेच होते. चरणजित सिंग यांची १९८२ची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी मला तशीच वाटते. मुंबईच्या या सिनेवादकाने रोलँड कंपनीची तीन यंत्रे जोडली. टीआर-८०८वर ठेका धरला, टीबी-३०३वर खर्ज, आणि ज्युपिटर-८वर भूपाळी, यमन, मालकंस स्वतःच्या बोटांनी वाजवले. यंत्रावर राग कसा उभा राहील, हा आक्षेप जुनाच आहे. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही म्हणून आकाशवाणीने १९४०मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती; आज पेण-रोह्याची भजने पेटीशिवाय सुरू होत नाहीत. शिवाय ३०३मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, म्हणजे पेटीला न जमणारे काहीतरी या यंत्राला जमते. आलापीचा विस्तार इथे नाही, हे मात्र मान्य करायलाच हवे. अखंड ठेक्यावर तो शक्यही नव्हता. त्या वेळी ही तबकडी फारशी खपली नाही. शिकागोत त्याच ३०३मधून ‘अ‍ॅसिड हाउस’ हे नृत्यसंगीत जन्मले ते नंतर. ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही त्या शैलीतली तबकडी १९८७ची. २०१०मध्ये तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा तोच नाद इतक्या आधी मुंबईत ऐकून जग थक्क झाले. भूपाळीपासून ऐकायला सुरुवात करा. राग ओळखीचा आहे, कान आपोआप लागेल.