बाटलीतली चिठ्ठी

माळा साफ करायचं आमच्या इंदूरच्या घरात दर दिवाळीला ठरतं आणि दर दिवाळीला पुढे ढकललं जातं. या वेळी ते काम झालं, त्याचं श्रेय माझ्या भाचरांना नाही, मलाही नाही. ते पुतण्याच्या मुलीला. ती प्राणीशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. खान नदीच्या तळाशी राहणारे लहान जीव हा तिच्या प्रकल्पाचा विषय. (हल्ली नदीला कान्ह म्हणतात. आमच्या तोंडी खानच बसलंय.) एक दिवस येऊन म्हणाली, "आत्याआजी, बाबा म्हणत होते तुझ्याकडे कॉलेजातला संग्रह होता. आहे का अजून?"

होता. पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात, आईच्या जुन्या पातळात गुंडाळून ठेवलेला. शाळेत जीवशास्त्र शिकवत होते तोवर दर उन्हाळी सुट्टीत मी त्या बाटल्या काढायची, कमी झालेलं स्पिरिट भरायची आणि परत ठेवून द्यायची. निवृत्त झाल्यावर तेही सुटलं.

आपल्या मंडळाच्या अंकात शंख-शिंपल्यांचं काय काम, असं कुणाला वाटेल. पण आपल्यापैकी बऱ्याच घरांत एखादं नातवंड विज्ञान शाखेला आहे, आणि त्याला असा संग्रह करायला सांगितला की सगळं घर कामाला लागतं. शिवाय मला त्या डब्याबद्दल एक गोष्ट कुणाला तरी सांगायची होतीच.

१९७८ साली मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. गोड्या पाण्यातल्या अपृष्ठवंशी प्राण्यांचे तीस नमुने प्रत्येकाने जमवायचे, निदान पाच संघांमधले हवेत, आणि त्यांतले किमान दहा वाहत्या पाण्यातले. सोबत वर्गीकरणाची वही. माझी तयारी म्हणजे धाकट्या भावाची सायकल, मच्छरदाणीच्या कापडाची जाळी, पांढरं एनॅमलचं ताट आणि आईची पिठाची चाळणी. चाळणी मी विचारून नेली नव्हती. ती गाळाने भरून परत आली तेव्हा आईने जे काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच सराफ्यातून नवी चाळणी आणली आणि जुनी माझ्या नावावर केली.

ताट पांढरंच का, तर गाळ त्यात पसरून थोडं पाणी घातलं आणि पाचेक मिनिटं नुसतं बघत बसलं की काळा-तपकिरी कचरा हलायला लागतो. काडी चालू लागते; ती पाणकाडी. सुकलेलं पान पाय काढतं. तो पाणविंचू, त्याच्या मागची शेपटी म्हणजे नांगी नव्हे, पाण्यावर काढायची श्वासनळी. एका चपट्या किड्याच्या पाठीवर साबुदाण्यासारखी अंडी चिकटलेली असतात आणि तो नर असतो. मादी अंडी त्याच्या पाठीवर घालून मोकळी होते. हे सांगितल्यावर आमच्या आजीने "बरं झालं" एवढंच म्हटलं होतं. शिंगाड्याच्या तळ्यात तर जाळी टाकायचीही गरज नसे. वेलीचं एक पान उलटं केलं की त्याखाली गोगलगायी, त्यांच्या जेलीसारख्या अंड्यांचे पुंजके, बारीक जळवा, असं सगळं बिऱ्हाड. शिंगाडेवाला मला बघून म्हणायचा, "बिटिया, सिंघाड़े छोड़ के कीड़े ले जा रही है!"

जमवणं हा सोपा भाग. खरं काम घरी आल्यावर. गोगलगाय जिवंतच स्पिरिटमध्ये टाकली तर ती आत ओढली जाते, दार लावून घेते, आणि मग तुमच्या हाती नुसता शंख. म्हणून तिला वाटीभर पाण्यात ठेवून वर पेपरमिंटचे, म्हणजे मेंथॉलचे, खडे पसरायचे आणि रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी ती मान, शिंगं, पाऊल बाहेर काढून सैल पडलेली असते. टाचणी लावून बघायची, आखडली नाही तरच स्पिरिट. जळवेला पाण्यात थेंबथेंब स्पिरिट वाढवत न्यायचं, नाहीतर तिची सुपारी होते. शिंपल्याला गरम पाणी. तो उघडला की दोन शिंपांमध्ये आगकाडीचा तुकडा अडकवायचा, म्हणजे स्पिरिट आत पोचतं.

स्पिरिट ७० टक्के हवं. प्रयोगशाळेत मिळायचं ९५ टक्क्यांचं. सरांनी शिकवलेली युक्ती मी शाळेतल्या मुलांनाही शिकवली: त्यातलं ७० मि.ली. घ्या आणि पाणी घालून ९५ मि.ली. करा, झालं. आणि दुसऱ्या दिवशी ते फेकून नवं भरा, कारण प्राण्याच्या अंगातलं पाणी त्यात उतरून ते पातळ झालेलं असतं. आमच्या वर्गातल्या निम्म्या बाटल्या याच आळसाने नासल्या. फॉर्मॅलिन स्वस्त पडे, पण त्याचा उग्र वास घरभर होतो, ते अंगाला चांगलं नाही, आणि त्यातला आम्लपणा हळूहळू शंख-शिंपल्यांचा चुनाच खातो. घरात तर ते आणूच नये. रंग दोन्हीत उडतात. डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या कायरोनोमस माशीची अळी जिवंतपणी लालभडक असते, कारण तिच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. बाटलीत आठवड्याभरात पांढुरकी होते. म्हणून रंग आधी वहीत लिहायचा.

मग वर्गीकरण. त्याची मुलांना उगाच भीती वाटते. संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड पाठ करण्यापेक्षा हातातल्या प्राण्याला एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. शंख टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड उजव्या हाताला आलं आणि त्यावर झाकण नसलं तर बहुधा लिम्निया; शंख तसाच लहान, पण तोंड डाव्या हाताला, तर फायसा. ही फायसा मूळची उत्तर अमेरिकेतली, आता आपल्याकडच्या गटारांतही सुखाने नांदते. चतुराच्या पिल्लाला शेपटीचे धागे नसतात, तोंडाखाली मात्र घडीचा जबडा असतो, तो चिमट्याने ओढला की हातभर पुढे येतो. टाचणीच्या पिल्लाला मागे तीन पानं असतात. मेफ्लायच्या पिल्लाला मागे बहुतेक तीन धागे, पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांची झालर आणि प्रत्येक पायाला एकच नखी. स्टोनफ्लायला धागे दोन आणि नख्याही दोन. जिथवर खात्री आहे तिथवर जायचं आणि थांबायचं. 'कुल अमुक' एवढंच लिहिलेली बाटली चालते. पुस्तकातल्या चित्राशी जुळवून ठोकून दिलेलं जातीचं लॅटिन नाव सरांना लगेच कळायचं.

आणि चिठ्ठी. सर चिठ्ठीवर अर्धा तास बोलले होते आणि आम्ही कंटाळलो होतो. चिठ्ठी बाटलीच्या आत हवी, कारण बाहेरची डिंकाची चिठ्ठी झुरळं खातात. जाड कागदावर, पेन्सिलीने किंवा इंडिया इंकने. तिथेच पाण्याकाठी बसून लिहायची. जागा, तारीख, पाणी कसं होतं, प्राणी कुठे बसला होता, आणि गोळा करणाऱ्याचं नाव. प्राण्याचं नाव सगळ्यात शेवटी, आणि तेही वेगळ्या कागदावर.

आता ती गोष्ट. ३ डिसेंबर १९७८, रविवार. सकाळी मी आणि भाऊ बिलावली तलावावर गेलो, परतताना शहरात शिरण्याआधीच्या खान नदीत उतरलो. बारीक प्राणी मी जागच्या जागी इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांत भरले, आत पेन्सिलीच्या चिठ्ठ्या टाकल्या. शिंपले मोठे, ते बादलीत. दोन्ही ठिकाणचे एकाच बादलीत, कारण सायकलच्या हँडलला दुसरी बादली लटकत नव्हती. घरी आल्यावर कोणता कुठला, हे मला सांगता येईना. भावाला विचारलं तर तो म्हणाला, "शिंपला शिंपल्यासारखा दिसतो."

ते दोन जातींचे होते, एक लांबट आणि काळसर, दुसरा लहान, सुरकुतलेला. दोन्ही जाती तळ्यातही राहतात आणि नदीतही, तेव्हा शंकासमाधान त्यांच्याकडूनही होईना. संग्रह द्यायच्या आदल्या रात्री मोजलं: वाहत्या पाण्यातले नमुने आठ भरत होते, हवे होते दहा. मी वहीचा कागद फाडला, शाईच्या पेनने दोन चिठ्ठ्यांवर 'खान नदी' लिहिलं आणि शिंपल्यांच्या दोन्ही बाटल्यांत टाकलं. खोटं म्हणावं तर नक्की खोटं नव्हतं. तोंडी परीक्षेत सर हसून म्हणाले, "खानमध्ये पाय भिजवलेस वाटतं!" मी म्हटलं, "हो सर." पाय भिजवले होतेच. मला २५ पैकी २२ मिळाले.

पुढे स्पिरिट भरताना दरवर्षी त्या दोन बाटल्या हातात यायच्या. निळी शाई पहिल्याच वर्षी स्पिरिटमध्ये उतरली होती. बाहेरच्या चिठ्ठीवर तेवढं 'खान नदी, १९७८' राहिलं. मी त्या बाटल्या इतरांपेक्षा जरा लवकर ठेवून देत असे, एवढं आठवतं.

पुतण्याच्या मुलीने तीसही बाटल्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या. अकरा कोरड्या पडल्या होत्या. उरलेल्यांचे तिने फोटो काढले, यादी केली आणि सगळ्यात जास्त आनंद तिला झाला तो त्या दोन बाटल्यांचा. मला समजावून सांगू लागली, जसं काही मी कधी जीवशास्त्र शिकवलंच नव्हतं. शिंपला पळून जाऊ शकत नाही, वर्षानुवर्षं एकाच जागी पाणी गाळत बसतो. त्याची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना आणि परांना चिकटून वाढतात, तेव्हा जिथे शिंपला तिथे मासा असणारच. "म्हणजे १९७८ मध्ये खानमध्ये मासे होते आणि तळही धड होता, याचा पुरावा आहे हा, आत्याआजी!"

मी तेव्हा काही बोलले नाही. पोहे केले. ती खाऊन गेली.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मी तिला बोलावून सगळं सांगितलं. बादली, सायकल, आठ आणि दहा. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तक्ता मॅडमना पाठवलाय मी कालच. हे तू मला त्याच दिवशी सांगायचंस ना." चिडली नव्हती, पण एरवी जाताना पाया पडते ती त्या दिवशी पडली नाही. रात्री तिने मॅडमना पत्र लिहून त्या दोन नोंदी काढून टाकायला सांगितल्या.

आठवड्याने भिंग घेऊन परत आली. "तुझ्या पेन्सिलीच्या चिठ्ठ्या खऱ्या ना सगळ्या?" त्या खऱ्या होत्या. त्याच रविवारची एक छोटी बाटली होती: 'खान नदी, पुलाच्या वर, वाहतं पाणी, दगडाच्या खालून, ३.१२.७८'. पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ स्पिरिटमध्ये राहूनही पेन्सिलीचं अक्षर काल लिहिल्यासारखं. वेगळ्या कागदावर मी प्राण्याचं नाव लिहिलं होतं, स्टोनफ्लाय. तिने भिंगाखाली धरून पाहिलं आणि हसली. "दोन धागे मोजलेस ना? तिसरा तुटलाय. नखी बघ, एकच आहे. आणि पोटाला कल्ले. मेफ्लाय आहे ही." सरांनीही त्यावर बरोबरची खूण केली होती! तिने नव्या कागदावर नवं नाव लिहिलं, जुना कागद तसाच आत ठेवला. तक्त्यात शिंपल्यांच्या जागी ती एक ओळ गेली.

ती आता नदीतून मारून आणते ते फार थोडं. बरंचसं ताटात बघून, फोटो काढून, जागच्या जागी परत सोडते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांचं विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या सूचना काढल्या, तेव्हापासून कॉलेजांतली हवाच बदलली आहे, आणि ते बरंच झालं. आमच्या काळी तीस विद्यार्थी गुणिले तीस बाटल्या असा हिशेब होता, आणि वर्ष संपलं की बहुतेक बाटल्या मोरीत रिकाम्या व्हायच्या. सिरपूर तलाव तर २०२२ पासून रामसर यादीत आहे. तिथे चाळणी घेऊन उतरणाऱ्याला आता परवानगी विचारतील, आणि विचारावीच. पण शेवाळाचा एक झुबका, एक पांढरं ताट आणि पाच मिनिटं एवढं घराजवळच्या कुठल्याही डबक्यावर करता येतं. चाळणी मात्र घरची नेऊ नका.

राहिल्या त्या शिंपल्यांच्या दोन बाटल्या. मला वाटलं होतं टाकूनच द्याव्यात. ती म्हणाली, "टाकायच्या कशाला? शिंपले खरेच आहेत." तिने जाड कागदाचे दोन तुकडे कापले आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. मी लिहिलं: 'बिलावली तलाव किंवा खान नदी. जागा नक्की नाही. ३.१२.७८. १९७८ची चिठ्ठी अंदाजाने लिहिलेली.' धुऊन कोरा झालेला निळा कागद तिने बाहेर काढला नाही.

"गोळा करणाऱ्याचं नाव?" ती म्हणाली. "आत्ताचं लिहितेस की तेव्हाचं?"

माझं माहेरचं आडनाव तिचंच आहे. मी तेव्हाचं लिहिलं.